पूजेतून उचललेली करवत

त्या मशीनचा मला मनापासून राग होता. लग्न होऊन आले तेव्हा घरात सवत नव्हती, पण ही होती. माझा नवरा वाशीमकडच्या मालेगावच्या एका लाकडाच्या वखारीत कामाला होता आणि त्या वखारीत पेट्रोलवर चालणारी एक परदेशी करवत होती. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या भागात तेव्हा झाड पाडायचं म्हणजे कुऱ्हाड, नाहीतर दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची करवत. हिला एकच माणूस पुरायचा. दोरी ओढली की ती भुंकायला लागायची आणि दातांची साखळी पात्याभोवती पळायची. मालकाने ती कुठल्याशा जंगल ठेकेदाराकडून जुनी घेतली होती. तिला हाताळणारा आसपास माझ्या नवऱ्याशिवाय कोणी नव्हता आणि याचा त्याला केवढा अभिमान. जेवायला बसला तरी अंगाला पेट्रोलचा वास आणि तोंडात मशीनचंच नाव.

त्या वर्षी तर ऐकून ऐकून माझे कान किटले होते. मशीन पेट्रोल प्यायची, पण चालू व्हायची नाही. दोरी ओढून ओढून याचा खांदा भरून यायचा, आणि प्लग काढून पाहावा तर तो पेट्रोलने ओलाचिंब, वर काजळी. "पेट्रोल जाते, पण जळतच नाही," तो म्हणायचा. "पोटात साचून राह्यलं तिच्या." त्याने प्लग बदलला, तारेच्या ब्रशने घासला, माझ्या चुलीतल्या निखाऱ्यांवर तापवला. त्या दिवशी भाकरीला पेट्रोलचा वास आला म्हणून आमचं भांडण झालं. त्याने पेट्रोल धोतराच्या फडक्यातून गाळलं, त्यात तेल कमी मिसळून पाहिलं, जास्त मिसळून पाहिलं. कार्बोरेटर खोलून त्यातली बारीक सुई फुंकून पुन्हा बसवली. मशीन कधी खोकत खोकत सुरू व्हायची, काळा धूर ओकत चालायची, आणि एकदा थांबली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मालकाचं म्हणणं निराळंच होतं. मशीन जागृत आहे, असं तो सांगायचा. माझ्या नवऱ्याच्या आधी ती चालवणाऱ्या माणसाची बोटं तिने घेतली होती. तो माणूस गाव सोडून गेला आणि मालकाने धसका घेतला. तेव्हापासून दर अमावस्येला तो तिला तेलात कालवलेला शेंदूर लावायचा. पात्याला नाही, ते फिरणारं. तिच्या एका बाजूला जो फुगीर भाग होता त्याला तो तिचं तोंड म्हणायचा, आणि शेंदूर तिथे. माझा नवरा कामाला लागला तोवर तिथे मारुतीसारखा जाड थर चढलेला होता. ते खरवडून खाली काय आहे हे बघायची कोणाची छाती होती? माझा नवरा रोज सकाळी तिथे हात टेकवून पाया पडायचा आणि मग दोरी ओढायला घ्यायचा.

आमचं घर किन्हीराजाच्या बाजूला, एका लहान गावात. घरात आम्ही दोघं आणि सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. सासरे फटकळ आणि मी त्यांच्याहून फटकळ. आमचं पटत नव्हतं असं गाव म्हणायचं, पण एक दिवस भांडण झालं नाही तर ते मला विचारायचे, "आज बरं नाही काय तुले?"

त्या दिवशी खंडेनवमी होती, वखार बंद म्हणून नवरा घरीच होता. आमच्याकडे त्या दिवशी शेतीची अवजारं धुऊन मांडतात, हळद-कुंकू वाहतात आणि मग दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. आदल्या रात्री परतीचा पाऊस दणकून झाला होता. सासऱ्यांनी सकाळी टोपलीत कुऱ्हाड, विळे आणि वखराची लोखंडी पास भरली आणि निघाले नाल्यावर.

"मामाजी, विहिरीवर धुवा," मी म्हणाले. "नाल्याचा काठ ढासळून राह्यला."

"विहिरीचं पाणी उभं असते, सूनबाई. लोखंड चालत्या पाण्यात धुवा लागते."

"मंग लोखंडालेच पाठवा, तुमी कायले जाता?"

ते हसले आणि गेले. थोड्या वेळाने नाल्याकडून आवाज आला. आधी झाड मोडल्याचा आणि मग माणसाचा.

नाल्याच्या काठावर जुनी दांडगी बाभूळ होती. पावसाने तिच्या मुळांखालची माती वाहून गेली होती आणि ती आडवी झाली होती. सासरे एका सपाट खडकावर पाय ठेवून कुऱ्हाड घासत होते. झाडाची जाड फांदी नेमकी त्या पायावर आली आणि ते मागच्या मागे खडकाखालच्या खळग्यात कोसळले. पाय वर खडकावर अडकलेला, अंग उतारावर, डोकं खाली. खळग्यात पाणी होतं. नवरा माझ्याआधी पोचला होता. तो पाण्यात बसून बापाचे खांदे मांडीवर घेऊन त्यांचं डोकं वर धरून होता.

गाव जमलं. बैल आणून साखळीने झाड ओढून पाहिलं, तर फांदी पायावर रगडली आणि सासरे असे ओरडले की बैल हाकणाऱ्याने स्वतःहून कासरा टाकून दिला. पहारीने उचलायला गेले तर खाली सगळा खडक, पहार घुसेल कुठे? दोघांच्या करवतीला पलीकडे उभं राहायला जागा नव्हती, तिकडे डोह. कुऱ्हाडीने फांदी तोडायला घेतली, पण बाभळीचं लाकूड ते. प्रत्येक घाव फांदीतून पायात उतरायचा. तीन-चार घावांनंतर सासऱ्यांची शुद्ध हरपली, तेव्हा कुऱ्हाडही थांबली. आणि वर डोंगराकडे आभाळ काळं होतं. नाल्याचं पाणी गढूळ होऊन वाढायला लागलं होतं. आधी ते सासऱ्यांच्या कमरेला होतं, मग पाठीला लागलं.

"मशीन पायजे," नवरा म्हणाला. "हादरा न देता तेच कापू शकते. पण मी बाले सोडून कसा जाऊ?"

माझ्या चुलत दिराकडे फटफटी होती. मी पदर खोचला आणि मागे बसले. सून फटफटीवर दिरामागे बसून गावातून गेली, हे एरवी महिनाभर चघळायला पुरलं असतं. त्या दिवशी कोणी तोंड उघडलं नाही.

मालेगावला वखारीत पोचलो तर मशीन पाटावर बसलेली. ताजा शेंदूर, झेंडूची माळ, समोर नारळ, उदबत्तीचा धूर. मालक नुकताच पूजेवरून उठला होता. मी सगळं सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. तो वाईट माणूस नव्हता. पण त्याची पाचावर धारण बसली होती.

"पुजेत बसवलेलं शस्तर आज उठवता येत नाही, बाई. उद्या दसरा. उद्या सकाळीच मी स्वतः घेऊन येतो."

"उद्या सकाळी तिरडी घेऊन या मंग," मी म्हणाले.

"तिनं एकाची बोटं घेतली हायेत. पुजेतून उठवलं अन् तिनं आणखी कोणाचं रगत घेतलं तं? मी नाही म्हणत नाही. पण मी हात लावणार नाही."

"नोका लावू," म्हणून मी पाटापाशी गेले, झेंडूची माळ काढून नारळावर ठेवली आणि मशीन उचलली. ती इतकी जड असेल असं वाटलं नव्हतं. दिराने पात्याला पोतं गुंडाळलं. मालकाने पेट्रोलचा डबा मात्र स्वतःहून आणून दिला, आणि आम्ही निघालो तेव्हा हात जोडून उभा राहिला. ते हात मला नव्हते, मशीनला होते.

परतताना पाऊस लागला. मशीन माझ्या मांडीवर, तिचं ते तोंड माझ्या पोटाशी दाबलेलं. खड्ड्याखड्ड्याला ती मला बरगड्यांत ढुशी मारायची. मी तिला शिव्या देत होते आणि त्याच तोंडाने विनवतही होते, की बाई, आजचा दिवस चाल, मग आयुष्यभर तुला नाव ठेवणार नाही.

नाल्यावर आलो तेव्हा पाणी सासऱ्यांच्या छातीवर होतं. ते शुद्धीवर आले होते. शेजारच्या एका माणसाने त्यांचे खांदे धरले आणि नवरा मशीन घेऊन खडकावर आला. त्याने चोक लावला आणि दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली, पुन्हा ओढली. पेट्रोलचा वास सुटला. त्याने प्लग काढला. ओला. कोणाच्या तरी पागोट्यात कोरडी काडेपेटी निघाली. त्याने प्लग पुसला, त्यावर काडी धरून उरलेलं पेट्रोल जाळलं, तो बसवला आणि ओढलं. मशीन दोनदा खोकली, काळा धूर सोडला. सगळ्यांनी श्वास रोखला आणि ती मेली. प्लग काढला तर पुन्हा ओला.

काठावर उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ होते. कोणी म्हणे पेट्रोलमध्ये पावसाचं पाणी गेलं, कोणी म्हणे दोरी हळू ओढ, कोणी म्हणे आणखी पेट्रोल पाज. शेवटी एकाने सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं. "पुजेतून उठवलं न तिले. ते कोपली. नारळ आणा एखादा." आणि एक जण खरंच नारळ आणायला पळाला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी देवाला मानते, पण त्या क्षणी मला असा संताप आला की समोर येईल त्याला नाल्यात ढकललं असतं. आणि खोटं सांगत नाही, संतापाच्या खाली भीतीही होती. खरंच माझ्यामुळे असेल तर?

पाणी सासऱ्यांच्या गळ्याला लागलं. त्यांनी मान वळवून मुलाला हाक मारली.

"राहू दे ते मशीन. कुऱ्हाड आण."

"बा, कुऱ्हाडीनं फांदी तुटत नाही, तुमाले सोसत नाही."

"फांदी नोको. पाय तोड. गुडघ्याखाली. लाकूड तोडतं तसा, एका घावात."

पाऊस पडत होता. सासऱ्यांनी त्याच आवाजात पुन्हा सांगितलं, "मले पोहता येते, पण बांधून ठेवलं तं कसा पोहू? पाणी थांबणार नाही. आवर." मग एकाने पागोटं सोडलं आणि त्यांच्या मांडीला घट्ट आवळून बांधलं. नवऱ्याने मशीन माझ्यासमोर ठेवली. त्या सकाळी धुतलेली कुऱ्हाड उचलली आणि तो खडकावर पाय रोवून उभा राहिला. पाय त्या खडकावर ओंडका ठेवावा तसा होता. सासऱ्यांनी डोळे मिटले. नवऱ्याने कुऱ्हाड खांद्यावर घेतली तेवढं मी पाहिलं आणि तोंड फिरवलं. मला बघवेना.

तोंड फिरवलं ते मशीनकडे. वाटभर ती माझ्या पोटाशी घासली होती, वरून पाऊस आणि सांडलेलं पेट्रोल. शेंदराचा थर एका जागी सोलला गेला होता आणि तिथे मला एक फट दिसली. तिच्या खाली तशीच दुसरी. माझं लुगडं, माझे तळवे केशरी झाले होते. मी अंबाड्यातला आकडा उपसला आणि खरवडलं. ओळीने फटी होत्या, शेगडीला असतात तशा. माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही, चूलच आली. चुलीचं तोंड बुजवलं की लाकूड जळत नाही, नुसता काळा धूर होतो. वर्षभर हा नवरा माझ्यासमोर बसून तेच तर सांगत होता. जळत नाही, काळा धूर होतो.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. नवरा सांगतो, मी म्हणाले, "इचं तोंड बुजवलं आहे."

तो धावत आला. मागून कोणी तरी म्हणालं, "शेंदूर नोका खरडू, आधीच ते कोपली हाय." तेव्हा पाण्यातून सासऱ्यांचा आवाज आला. हनुवटीला पाणी लागलेलं, तरी धारदार. "खरड, सूनबाई. देव काय ते माहं पाहून घेईन."

नवऱ्याने पेचकसाने दोन स्क्रू काढले आणि ते तोंड उचकटून काढलं. आत एक जाळी होती. जाळी म्हणायची पण आरपार काही दिसत नव्हतं. भुसा आणि तेलकट शेंदूर मिळून तिची घट्ट वडी झाली होती, आणि सकाळचा ताजा शेंदूर आत झिरपून जी काही फट उरली होती तीही बुजली होती. तो त्या जाळीकडे क्षणभर बघत राहिला. "इले हवाच नव्हती," तो म्हणाला. "मी वर्षभर पेट्रोलच पाहून राह्यलो." मग त्याने जाळी नाल्यात फेकली.

पुढचं त्याने झटपट केलं, पण घाई केली नाही. प्लग काढला आणि प्लग नसतानाच मशीन उलटी धरून दोरी ओढली, तसा भोकातून पेट्रोलचा फवारा उडाला. फवारा येईनासा होईपर्यंत ओढत राहिला. प्लग पुसून बसवला. हवा अडवणाऱ्या चोकला हात लावला नाही. हवेची वाट पूर्ण उघडी आणि गतीचा खटका पूर्ण दाबलेला. दोरी ओढली. खोकली. पुन्हा ओढली.

ती अशी काही गरजली की काठावरची माणसं मागे सरली. धूर आला तो पांढरट, पातळ. तो आवाज ऐकून मी रडले. ज्या आवाजाचा मी इतकी वर्षं तिरस्कार केला तो मला आईच्या हाकेसारखा वाटला.

त्याने फांदी आधी खालून थोडी कापली, मग वरून. बाभळीचा लाल भुसा सासऱ्यांच्या तोंडावर उडत होता आणि पाणी त्यांच्या ओठांना लागत होतं. ते तोंड मिटून नाकाने श्वास घेत होते. फांदीचा तुकडा सुटला. चौघांनी तो उचलला आणि नवऱ्याने बापाला काखेत धरून ओढून वर घेतलं. आम्ही काठावर येतो न येतो तोच पाणी त्या खडकावरून वाहायला लागलं.

वाशीमच्या दवाखान्यात पायाला प्लास्टर घातलं. हाड दोन जागी मोडलं होतं पण पाय वाचला, थोडा वाकडा राहिला. मालक भेटायला आला, लाजत होता. शेंदूर लावायचा त्याने काही सोडला नाही, पण त्यानंतर तो पेट्रोलच्या डब्याला लावू लागला.

घर मात्र पूर्वीसारखं राहिलं नाही. सासरे खाटेवर आणि नवरा त्यांच्यासमोर बसायचं टाळायचा. औषध आणायचा, पाय उचलून ठेवायचा, सगळं करायचा, पण त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. सासरेही काही विचारायचे नाहीत. मला वाटायचं, म्हाताऱ्याला लागलं आहे ते. सांगणं वेगळं, पण पोटच्या पोराने खरंच कुऱ्हाड उचलावी, हे कोणत्या बापाला सोसेल? मी मनाशी ठरवून टाकलं होतं की त्यांनी कधी विचारलंच तर सरळ नाही म्हणायचं.

थंडीत एका दुपारी मी त्यांच्या पायाला तेल लावत होते. प्लास्टर निघालं होतं, पाय काडीसारखा झाला होता.

"सूनबाई, मी तवा डोळे मिटले होते," ते म्हणाले. "त्यानं उचलली होती काय?"

माझा हात थांबला. खोटं तोंडाशी तयार होतं. पण ते माझ्याकडे असे बघत होते की ते बाहेर पडेना.

"उचलली होती, मामाजी. खांद्यावर घेतली होती."

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि उशीला टेकले. "बरं झालं. मले तेच भेव होतं."

"कायचं भेव?"

"हा उठत नाही, याचं. याचा जीव लहान आहे. मले वाटे, याच्यानं पाय तुटणार नाही, मले सोडूनही जाणार नाही, अन् पाणी डोक्यावरून गेलं तरी हा मले धरून तिथंच बसून राहीन. माहं काय, मी पिकलं पान. पण हा माह्यासंगं बुडाला असता." त्यांनी वाकड्या पायावर पांघरूण ओढून घेतलं. "उठला तं. बरं झालं."

मी हात पुसले आणि आत गेले. नवरा दाराआड जेवत होता, सगळं ऐकू येत होतं त्याला. घास तसाच हातात होता. मी त्याच्या समोर बसले, पण त्याने मान वर केली नाही.

"खांद्यावर नव्हती," तो हळूच म्हणाला. "डोक्याच्या वर गेली होती. तू ओरडली तवा खाली येऊन राह्यली होती. मी कशीबशी वळवून खोडात घातली."

हे मात्र मी मामाजींना कधी सांगितलं नाही.